अर्धा इंच खांदा

भर एप्रिलात, मोताळ्याच्या रणरणत्या दुपारी, एक माणूस जाकीट घालून विजेच्या खांबावर चढला होता! लाइट गेल्यानं धम्मशीलाची शिलाई मशीन बंद पडली होती, म्हणून ती दारात आली होती. तिला पहिल्यांदा दिसलं ते हे जाकीट.

"ओ वायरमन, थंडी वाजून राह्यली काय?"

"लाइट पाहिजे का गप्पा?" वरून उत्तर आलं.

"दोन्ही!" ती बोलून गेली... आणि मग तिनं जीभ चावली.

धम्मशीला घरीच शर्ट आणि जाकिटं शिवायची, तीही पुरुषांची. बाईनं मरदाचे कपडे शिवावेत का, असं विचारणारे गावात होतेच, आणि शर्ट शिवायला पाठवणारेही तेच होते. स्वतः येत नसत, बरं का! बाईसमोर माप द्यायला उभं राहायचं म्हणजे केवढी लाज! त्यापेक्षा बायकोच्या हाती एक जुना शर्ट धाडायचा, नमुना म्हणून. धम्मशीला तो टेबलावर पसरायची, खाकी कागदावर उतरवून घ्यायची, कुणाचं पोट सुटलं असेल तर कागद मधे कापून बोटभर पट्टी जोडायची. सहा वर्षांत गावातली सगळी पोटं तिला पाठ झाली होती, पण जिवंत माणसाला तिनं कधी टेप लावली नव्हती.

वायरमनचं नाव अश्वजित, गाव धामणगाव बढे. त्या दिवशी खांबावरून उतरून तो पाणी प्यायला आला, भिंतीवर टांगलेले शर्ट पाहत राहिला, आणि पुढच्या आठवड्यापासून त्याच्या कपड्यांना जणू साथच आली. कधी खिसा फाटायचा, कधी बटण तुटायचं, कधी बाही लांब व्हायची, आणि तो दुरुस्तीला तिच्या दारात हजर.

"या पोराचे बटनं उंदरं खातात काय वं?" धम्मशीलाची आई बनाबाई म्हणाली. धम्मशीला हसली, पण सुईत दोरा ओवायला तिला तीन खेपा लागल्या.

जाकिटाचं कारण त्यानं एकदा आपणहून सांगितलं. "लहानपनी झाडावरून पडलो. डावा खांदा खाली बसला. कोन्ताच शर्ट नीट बसत नाही... म्हनून हे झाकन."

"शर्ट बसत नाही त दोष शर्टाचा," ती फटकन म्हणाली. "खांद्याचा काऊन म्हनता?"

तो तिच्याकडे पाहतच राहिला. तेव्हापासून धम्मशीलाचं काही खरं नव्हतं.

आणि मग एका सोमवारी त्यानं टेबलावर आकाशी कापड ठेवलं. "आईनं देल्लं. रविवारी जळगाव जामोदले पोरगी पाहाले जायचं हाय."

तिनं कापडाची घडी मोडली. "जा की मग. असा शर्ट शिवते का पोरगी पाहातच राहीन."

"जाऊ ना?"

"मले... मले काऊन विचारता?"

त्यानं मान खाली घातली आणि जाकीट काढलं. तिच्यासमोर पहिल्यांदाच. बनाबाई दाराशी मेथी निवडत बसली होती. धम्मशीला टेप घेऊन त्याच्यापुढं उभी राहिली. त्याच्या भुवईवर बारीकसा वण होता. डोळे तपकिरी होते, अगदी गुळाच्या पाकासारखे. तिनं आकडे लिहिले, कागदावर एक खांदा अर्धा इंच खाली उतरवला आणि मनाला बजावलं, बाई, काम ते काम. ज्या शर्टानं तो दुसरीला आवडणार, तो तिनं चार दिवस जीव ओतून शिवला.

शनिवारी संध्याकाळी त्यानं तो घालून आरशात पाहिलं. उजवीकडं कॉलर मानेला काचत होती आणि डावा खांदा पहिल्यापेक्षा दुप्पट लोंबत होता. धम्मशीलानं खाकी कागद ओढून पाहिला. तिनं डाव्याऐवजी उजवा खांदा खाली उतरवला होता! कापड तर चिंधीभरही उरलं नव्हतं.

"मी चुकली," ती कशीबशी म्हणाली. "खांदा उलटा कापला."

"मुद्दाम?"

तो शब्द तिला झोंबला. "मुद्दाम करनारी असती त सहा वर्षं हे काम केलं असतं काय? खांदा पाठीमागून मोजा लागते. मी समोर उभी राह्यली. तुमचा डावा माह्या उजव्या हाताले आला, तसाच लिहून घेतला."

"पन समोर काऊन उभी राह्यली तू?"

'तुमी'चं 'तू' कधी झालं, हे त्यालाही कळलं नसावं. आत स्वयंपाकघरात बनाबाईचा भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

"मागून..." धम्मशीलानं टेप बोटाला गुंडाळली. "मागून तोंड दिसत नाही ना तुमचं."

अश्वजित त्या वाकड्या शर्टातच दोन पावलं पुढं आला. मग त्यानं फोन काढला. "त्या पोरीच्या घरी उद्या पाहुन्यासाठी सयपाक होईन. आत्ताच सांगा लागन," तो म्हणाला, आणि आईला फोन लावला. "आई, जळगावचं राहू दे... नाही, शर्टापायी नाही. शर्ट शिवनारीपायी... हाव, जिच्याबद्दल सांगत होतो, तेच ते. उद्या मोताळ्याले चाल माह्यासंगं."

फोन ठेवून तो हसत वळला, तर धम्मशीला कमरेवर हात देऊन उभी होती. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज चढलेला.

"वा रे वा! तिकडं पोरीवाल्याले कळन, आईले कळलं, आत माही माय कान देऊन बसली हाय. मले कोनं विचारलं?"

त्याचं हसू मावळलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. खांबावर बिनघोर चढणारा माणूस, पण आता शर्टाचं बटण चाचपू लागला.

"धम्मशीला... माह्यासंगं लगन..."

"हाव," ती म्हणाली. पुरतं विचारूसुद्धा दिलं नाही तिनं त्याला.