चेअरमनच्या मोज्यातला पाणतुरा

आसणीच्या तळ्याकाठी हॉटेल नव्हतं, कठडा नव्हता, बसायला बाकडंसुद्धा नव्हतं. वाटेवर होती फक्त एक कमान, आणि ती चंद्रसेन निंबाळकरांना काही केल्या आत सोडत नव्हती.

"डाव्या खिशात मोहरी," कमान गोड आवाजात म्हणाली. "मिशीत खसखस."

"मिशीत?" निंबाळकर खवळले.

"म्हणजे अनारसा तुम्हीच संपवलात!" त्यांच्या पत्नी शालनताई म्हणाल्या. "आणि मला सांगता, गोड सोडलंय."

या कमानीला बीजवेधी म्हणत. अंगावरून हवेचा झोत फिरवून ती चिकटलेली प्रत्येक बी हुडकायची आणि बीमधल्या जनुकांवरून झाड ओळखायची. जलपर्णीनं एकेक तळं गिळल्यावर लोकांना उशिरा शहाणपण सुचलं होतं. आसणीचं तळं तेवढं जसंच्या तसं उरलं होतं, म्हणून तिथं झडतीशिवाय प्रवेश नव्हता.

"साहेब, पँट बदलावी लागेल," तळ्याची राखण करणारी वनस्पतिशास्त्रज्ञ तरन्नुम मुजावर म्हणाली. "शिवणीत गाजरगवत आहे." तिनं एक पांढरा पायघोळ झगा पुढं केला.

"अहो, मी कोल्हापुरात सोसायटीचा चेअरमन आहे."

"हो साहेब. तरीपण."

मिशी पुसून, झगा घालून निंबाळकर पुन्हा कमानीत शिरले; आता झोत पँटखाली झाकलेल्या मोज्यांपर्यंत पोचला. मग तिच्यावर कधीच न लागणारा हिरवा दिवा लागला.

"उजव्या मोज्यात पाणतुरा. मूळ रहिवासी. स्वागत आहे."

तरन्नुम झटकन मोज्याशी वाकली. "पाणतुरा? पाण्यातलं हे रोप इथून केव्हाच नाहीसं झालं. जगात कुठंच उरलं नाही असं आम्ही धरून चाललो होतो." तिनं चिमट्यानं मोज्यावरचा चिखल उचलला. "ओला आहे. साहेब, आज सकाळी कुठं गेला होता?"

"कुठं नाही. सोसायटीच्या मागं डबकं आहे, तिथं चुन्याची फक्की मारून आखणी करून आलो. आज त्यावर काँक्रीट पडायचंय."

बोलता बोलता त्यांनी घाईनं फोन काढून पाहिला; रेंज नव्हती.

तळ्याजवळ टॉवर उभा करू दिलेला नव्हता. रेंज मिळायची ती टेकडीवर. निंबाळकर झगा गुडघ्यापर्यंत उचलून पळत सुटले, मागून शालनताई, त्यांच्यामागून तरन्नुम. माथ्यावर पोचून त्यांनी धापा टाकत सोसायटीचे सचिव पोवार यांना फोन लावला.

"पोवार, काम थांबवा!"

"चेअरमनसाहेब, गाडी लागलीय. आणि कोणी कितीही ओरडलं तरी थांबायचं नाही, अशी तुमचीच सक्त ताकीद आहे."

"अहो, पण ओरडणारा मीच आहे!"

"तुम्हीच म्हणाला होता, की मीसुद्धा ऐनवेळी माघार घेईन, तेव्हा माझंही ऐकू नका."

मागून काँक्रीटच्या गाडीची घरघर ऐकू येत होती. शालनताईंनी फोन हिसकावून घेतला. "पोवारभावजी, मी शालन. त्या डबक्यात नाग आहे हो. जोडीनं."

पलीकडे आरडाओरडा झाला, मग घरघर थांबली. गाडीचा ड्रायव्हर कंपाउंडवर चढून बसला आहे, असं पोवारांनी लांबून, बारीक आवाजात कळवलं.

तिघं टेकडी उतरून, पुन्हा कमानीतून झडती देऊन तळ्याकाठी आली. काठाला सीतेची आसवं ही इवली रानफुलं जांभळी दाटली होती, पाण्यावर कुमुदिनी उमलल्या होत्या. शालनताई कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. निंबाळकर मात्र मोजे हातात घेऊन ओशाळे उभे होते.

"तुमच्याकडं तो टिकला कसा?" तरन्नुमनं विचारलं. "पाणी कुठलं?"

"वरची टाकी गळते," निंबाळकर म्हणाले. "दर सभेत दुरुस्तीचा ठराव होतो."

"मग?"

"मग चहा होतो."

"तण कोण काढतं?"

"कोण काढणार? तिकडं जातंय कोण!" शालनताई म्हणाल्या.

तरन्नुम हसली, पण तळ्याकडं बघता बघता तिचं हसू मावळलं. "इथं आम्ही काडीसुद्धा हलू देत नाही, तरी तो गेला. तुमच्याकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही, आणि राहिला. उद्या आम्ही तिथं येऊ, कुंपण घालू, रोज मोजमाप घेऊ... मग तो राहील का हो?"