चिठ्ठी नसलेला दिवा

आमच्या मुलाचा, सौरवचा, कॉम्प्युटर उमरेडच्या एका शाळेला द्यायचं ठरलं, तेव्हा तो सुटा करायला मी त्याच्या मित्राला, दुर्गेशला, बोलावलं. मे महिन्यातली दुपार. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. घरात कूलरची घरघर आणि ओल्या वाळ्याचा वास.

शेवटच्या आजारात सौरवचा आवाज गेला. तेव्हा वरच्या खोलीत, पलंगावर बसून त्याने एक सोय केली. कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टमधून केबल निघे, जिन्यावरून स्वयंपाकघरात येई. तिच्या टोकाला त्याने स्वतः जोडलेला आठ दिव्यांचा खोका. तो वर आकडा टाकायचा, खाली दिवा लागायचा. दिव्यांखाली चिठ्ठ्या होत्या: पाणी, चहा, गोळी, आई ये. आठव्याखाली काहीच नव्हतं. ‘हा बाबांचा,’ असं त्याने एकदा पाटीवर लिहून दाखवलं होतं. त्याखाली काय लिहायचं, ते ठरायचं राहून गेलं.

तो गेल्यापासून माझी बायको शोभा रोज दुपारी चहाचा कप वर नेऊन ठेवते. चहाचा दिवा लागतो, म्हणते. मी त्या वेळी कॉलेजात शिकवत असतो. तो खोका गेला तर ती सावरेल, एवढीच आशा होती.

“काका, खोक्याले काई समजत नाही. आकडा आला का दिवा लागते, बस.” दुर्गेशने वर जाऊन, सगळे दिवे विझावेत म्हणून शून्य पाठवलं, मशीन बंद केलं आणि केबल खांद्यावर, कीबोर्ड काखेत घेऊन खाली आला.

चहाचा दिवा लागला होता. शोभाने आधण ठेवलं होतं.

“पाहा... मांगून राहिला ना तो.”

“काकू, तार काढली का होते असं कधी कधी,” दुर्गेश चाचरत म्हणाला. “मोकळ्या पिनेले हवेतलं काहीबाही लागते.” त्याने खोक्याचा प्लगही ओढून काढला.

दिवा विझला. शोभाने गॅस बंद केला. मला हवं होतं तेच झालं होतं, आणि तिच्याकडे पाहवत नव्हतं.

मग आठवा दिवा लागला.

दुर्गेशने हातातला प्लग माझ्यासमोर धरला.

“अहो...” शोभा हळूच म्हणाली, “जा ना वर. थांबून राहिला तो.”

मी जिन्यापाशी गेलो. वरून कळा दाबल्याचा आवाज येत होता, सावकाश, एकेक. वळून पाहिलं. कीबोर्ड दुर्गेशच्या काखेतच होता.