बोहनीचा माणूस

जिल्हा यकृत केंद्रात दिवसाची पहिली तपासणी रुग्णाची नसे, डॉ. मुकुंद देवधरे यांची असे. केंद्रप्रमुख स्वतः खाटेवर आडवे होत, डाव्या बरगड्यांखाली कंपपट्टा बांधून घेत आणि त्यांच्या प्लीहेवरून, म्हणजे पाणथरीवरून, यंत्र आपला शून्य ठरवी. याला सगळे बोहनी म्हणत. सहा वर्षांत हा मान साहेबांनी दुसऱ्या कुणाला मिळू दिला नव्हता.

आज ते पट्टा सोडत होते, तेवढ्यात त्यांची सहकारी डॉ. निलोफर मुलाणी आत आली.

"सर, द्रौपदी खाडे आठवतात? गेल्या महिन्यात आपण त्यांना सुरक्षित म्हणालो. काल दुपारी रक्ताची उलटी झाली. अन्ननलिकेतली फुगलेली शीर फुटली. वाचल्यात, पण थोडक्यात."

"एखादी चूक कुठेही होते."

"एखादी नाही वाटत मला." तिने आलेख पुढे धरला. हाच आलेख दिवाणखान्यात लावावा तसा केंद्राच्या दर्शनी भिंतीवर झळकत होता. आठ महिने धोक्याचे रुग्ण घटत चाललेले. त्यासाठी पालकमंत्र्यांनी साहेबांना शाल-श्रीफळ दिलं होतं. "पहिल्यापासून बघू या. यकृत निबर झालं की मागे रक्त तुंबतं. त्याने प्लीहा ताठरते आणि ताठर प्लीहेतून कंप वेगाने धावतो. वेग मोजला की शिरांवरचा दाब कळतो, घशात दुर्बीण घालावी लागत नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मग जिल्ह्यात दारूची दुकानं तेवढीच, मधुमेह वाढतोय आणि प्लीहा मऊ कशा झाल्या? सर, निरोगी म्हणजे काय हे पट्ट्याला माहीतच नाही. बोहनीच्या माणसापेक्षा कोण किती ताठर, एवढंच तो सांगतो. तो माणूसच ताठरत गेला, तर सगळा जिल्हा मऊ दिसणार."

बोलता बोलता ती थांबली. तिचे डोळे भरून आले. "आडवे व्हा, सर. आत्ताच बघू."

आधी तिने स्वतःवर बोहनी केली. मग त्यांना पट्टा बांधला. पट्ट्यावरचा धोक्याचा लाल दिवा लागला.

तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्हाला तरी कसं कळणार होतं?"

तिने थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. त्यांना दोन वर्षांपासून कळलेलं होतं. परगावी जाऊन खोट्या नावाने केलेल्या तपासणीचा अहवाल इथल्याच टेबलाच्या खणात तळाशी पडून होता. दारूच्या थेंबालाही ते कधी शिवले नव्हते. मधुमेहाने आणि वजनाने यकृताची वाट लावली होती. पण यकृत म्हटलं की गाव काय बोलतं, हे त्यांच्याइतकं कोण जाणणार? 'यात लाजायचं काय?' असं शेकडो रुग्णांना ऐकवलेला हा माणूस स्वतः मात्र चोरासारखा परत आला होता. बोहनी सोडावी, तर कुणीतरी कारण विचारणार. बोहनीच्या माणसाला निरोगीपणाचा दाखला लागे, आणि तो केंद्रप्रमुखाच्या सहीने मिळे. त्यांनी सही केली. थोड्याशा फरकाने काय होतंय, अशी मनाची समजूतही घातली.

"आलेख आठ महिन्यांपासून उतरतोय," निलोफर म्हणाली. "तेव्हापासूनचे चारशे सुरक्षित रुग्ण परत बोलवू या. त्याआधी फरक असलाच तर आलेखात दिसत नाही."

चारशे. गप्प बसलं तर ते स्वतः बिचारे ठरणार होते. निलोफर त्यांच्यासाठी घरून डबासुद्धा आणेल. पण आधीच्या सोळा महिन्यांतली माणसं निर्धास्त घरी बसून राहणार होती, द्रौपदीबाईंसारखी. शरमेने त्यांचे कान तापले. त्यांनी खण उघडला आणि अहवाल तिच्या हातात दिला.

तिने तारीख वाचली. मग नाव वाचलं. "हे कोण?"

"मीच."

त्या तारखेपासूनची यादी तिने काढली. अकराशे सदतीस नावं. पहिला नंबर लावून तिने फोन त्यांच्यापुढे ठेवला.

"अगंबाई, डॉक्टर, तुम्ही स्वतः फोन केलात?" पलीकडून एका बाईंचा खुशीतला आवाज आला. "तुम्ही सुरक्षित म्हणालात ना, तेव्हापासून जिवाला घोर नाही बघा. सगळं ठीक आहे ना?"

देवधऱ्यांनी निलोफरकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"नाही," ते म्हणाले. "ठीक नव्हतं. आणि मला ते माहीत होतं."