धनत्रयोदशीचं रीळ

“सर, या काचेच्या तारेच्या आत जी हवा आहे, ती कोणत्या गावची?”

मागे काजल आणि स्वरदा तोंडात ओढणी कोंबून हसत होत्या. पैज त्यांचीच. धाड गावाहून एसटीनं आमची अकरावी बुलढाण्याच्या कॉलेजची प्रयोगशाळा पाहायला आली होती, आणि काजल माझ्या कानाशी लागली होती, “पुष्पे, विचार नं वं! नाई विचारलं त कचोरी तुह्याकडून.” गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरीसुद्धा हळू द्यायचे. आता नाही. आता मी वादविवादात ढाल आणते, कंडक्टरशी भांडते. ताई गेल्यावर घरात बोलणारी मी एकटीच उरले, त्यानंही आवाज मोठा झाला असेल.

दीपक सर हसले नाहीत. ते दुसरबीडचे. खूश झाले की आपल्यासारखंच बोलतात.

“बरोबर विचारलं हिनं. या तारेच्या पोटात काच नाई, पोकळी आहे. केसाहून बारीक. प्रकाश त्या पोकळीतून धावते. ताजी तार ओढली की आत दाब कमी राह्यते. टोक उघडं पडलं की ती बाहेरची हवा आत ओढत बसते, हळूहळू, तासन् तास. म्हणून तार निघाली की दोन्ही टोकं लगेच बंद करा लागतात. नाई केली, त टोक जिथं पडलं तिथली हवा आत. गावसुद्धा काढता येईन, पोरी.”

वर्ग हसला. कचोरी मी जिंकले होते. ऐटीत पुढे जाऊन मी टेबलावरच्या रिळाकडे वाकले.

तारेच्या एका टोकावर थेंबभर मोरपंखी नेलपॉलिश होतं.

माझी अर्पिताताई आयटीआय करून अशाच तारांच्या कारखान्यात लागली होती. तिचं काम हेच, नव्या तारेची टोकं बंद करणं. कारखान्याच्या डिंकावर तिचा विश्वास नव्हता, म्हणून ती वरून आपलं नेलपॉलिश लावायची. बाटली तिच्या नखांपेक्षा तारांवरच संपायची.

“सर, हे रीळ कुठून आणलं?”

सरांनी त्याच कारखान्याचं नाव घेतलं. “नापास माल आहे. धनत्रयोदशीले निघालेला. एक टोक बंद होतं, दुसरं उघडंच राह्यलं होतं. ते नंतर बंद केलं कोनीतरी. मी मागून आणलं तुमाले दाखवाले.”

धनत्रयोदशीलाच ताई गेली. कारखान्यात त्या दिवशी सकाळी पूजा होती, मग जेवण, मग मिठाईचे डबे. सगळे ऑफिसात. मशीनवर लक्ष ठेवायला एकटी ताई. भट्टीला लागणारा वायू गळत होता म्हणे. नंतर ते ‘म्हणे’सुद्धा बंद झालं आणि ताईचं हृदय कमजोर ठरलं. दिवेलागणीला कुणीतरी दाराशी पणती ठेवायला गेलं, तेव्हा ती फरशीवर दिसली.

कारखान्याचे साहेब घरी आले होते. “जागच्या जागी गेली. काही त्रास झाला नाही तिला.” आई त्या एका वाक्यावर जगते. येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगते, अजूनही. जाताना साहेब म्हणाले, धाकटीची बारावी होऊ द्या, तिची जागा हिलाच. माझ्या बापानं त्या माणसाला शाल आणि नारळ दिला.

सरांनी तारेत प्रकाश सोडला. पडद्यावर रेघ उमटली.

“भट्टीतला कोरडा वायू असंन त रेघ सरळ दिसते. दुसरं काही असंन त ते प्रकाश खाते, तिथं रेघेत खड्डा पडते.”

रेघ सरळ नव्हती. तिच्यात खड्डे होते. सरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

“ही वाफ. हा कार्बन डायऑक्साइड. पन खोलीच्या हवेत एवढा नसते.” त्यांनी खड्ड्यावर बोट ठेवलं. “हे त माणसाच्या उच्छ्वासाचं प्रमाण आहे.”

“कोनी फुंकलं असंन, सर,” काजल म्हणाली.

“फुंकून नाई भरत वं हे. टोक तोंडापाशी पडून राहाले पाह्यजे. लई वेळ.”

“किती?” मी विचारलं.

सरांनी बोटांवर हिशेब केला. “सकाळपासून दिवेलागणीपर्यंत म्हन.”

माझा मोठा आवाज कुठे गेला, कळलं नाही. बाकीच्या पोरी बाहेर पडल्यावर मी सरांना ताईचं नाव सांगितलं. त्यांनी यंत्र बंद केलं.

पुढच्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. “पुष्पांजली, एकदा येऊन जा. मले एकट्याले पाहवत नाई.”

शनिवारी सकाळची शाळा सुटली, तशी मी बुलढाण्याची गाडी धरली. प्रयोगशाळेत ऊन आलं होतं. बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती. सर दारातच उभे होते.

“दोन्ही टोकं म्या पुन्हा काचेनं बंद केली. दुसऱ्या यंत्रावर लावून पाह्यलं. काऊन वाढून राह्यलं, समजत नाई. बंद शिशीत वाफ वाढत नसते.”

खड्डे खोल झाले होते. स्टुलावर बसून मी पाहत राहिले. आधी मला वाटलं, पडदाच थरथरतोय. मग दिसलं की खड्डा खोल होतो, थांबतो, वर येतो. पुन्हा खोल. ताईची आणि माझी गोधडी एकच होती. तिची झोपेतली लय मला पाठ आहे. मध्येच एक श्वास अडकायचा, मग सुटायचा.

पडद्यावर तो अडकला. मग सुटला.

मी वाकले. तोंड रिळाजवळ नेलं.

“ताई?”

रेघ सरळ झाली.

खोलीत काही हललं नाही. मी ओठ मिटून बसले. कुणी कान देऊन ऐकत असलं की श्वास धरतं, तशी ती रेघ होती.

मग एकदम खाली गेली. खूप खोल.

सरांचा हात बटणावर होता. तो तिथेच राहिला.

“हे बंद कसं करू वं मी?” ते म्हणाले.

घरी पोचले तेव्हा बाबा ओसरीवर फोन धरून उभे होते. “हाव साहेब. पुढच्या साली बारावी. पोरगी लई धीट झाली आता, तुमी फकत जागा धरून ठेवा.” माझ्याकडे बघून त्यांनी फोन पुढे केला. आई चुलीपासून म्हणाली, “नीट बोल वं. देवमाणूस आहे तो. त्यानंच सांगतलं नं, जागच्या जागी गेली म्हनून.”

मी फोन घेतला आणि बंद केला.

“आई, बाबा, दोघंबी आयका. मी ताईच्या जागेवर जानार नाई. ती जागा अजून रिकामी झाली नाई.”