गुड फ्रायडेचा अबोला

पेशंटचं कपाळ विचारल्याशिवाय पुसू नये, हे मला मेडिकल कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाच्या हॉस्पिटलात तो मनगट मुरगळून आला, तेव्हा कपाळावर काळा डाग होता. पडताना माती लागली असेल, असं वाटून मी ओल्या वाइपने तो स्वच्छ पुसून टाकला.

"गेला," माझा बॅज वाचून तो चक्क मराठीत म्हणाला. "आज ॲश वेन्सडे. सकाळीच पास्टरांनी राखेचा क्रॉस काढला होता, डॉक्टर गोखले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सॉरी... परत लावून देतील का?"

"नो वरीज. पुण्याच्या ना तुम्ही? मग डाग कसा सहन होणार!"

तो अनुप साळवे. मूळचा नगरचा, इथल्या शाळेत गणित शिकवायचा आणि ल्युथरन चर्चमध्ये वेदीवरची वस्त्रं, मेणबत्त्या सांभाळायचा. लेंटच्या, म्हणजे ॲश वेन्सडेपासून ईस्टरपर्यंतच्या उपासात त्याने कॉफी सोडली होती, तरी माझ्या शिफ्टनंतर कॅफेत माझ्यासमोर गरम पाणी पीत बसायचा. लेंटला वेदीवर जांभळं, ईस्टरला पांढरं, असं मला शिकवायचा.

"चातुर्मासात आमच्याकडे कांदा-लसूण सोडतात," मी म्हटलं.

"आणि तू?"

"मी? मी आवडलेलं काहीच सोडत नाही..."

त्याचे कान लाल झाले. मला तो फार, फार आवडायला लागला होता.

आणि नेमकी तेव्हाच देशाच्या पार उत्तर टोकाच्या डार्विनहून मला हवी तशी नोकरी चालून आली. ईस्टरनंतर लगेच कळवायचं होतं. गुड फ्रायडेला सकाळी भुरभुर पावसात, चर्चच्या पायरीवर मी धीर केला.

"अनुप, मला तू आवडतोस. सांग... जाऊ की थांबू?"

त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात आतून हाक आली आणि तो गेला. मीही मागोमाग आत जाऊन बसले. त्या दिवसापुरती वस्त्रं काढलेली वेदी उघडीबोडकी होती. एकेक मेणबत्ती त्याने विझवली. प्रार्थना संपली आणि तो खाली मान घालून माझ्यासमोरून मागच्या खोलीकडे निघून गेला. एक शब्द नाही.

नकारच की. मी रडतरडत घरी आले आणि डार्विनला होकाराची ईमेल लिहायला घेतली. बेल वाजली. दारात अनुप, धापा टाकत.

"फोन तरी उचलायचास!"

"बोलायचं काय राहिलंय?"

"अगं, आज प्रार्थनेनंतर कुणी कुणाशी बोलत नाही. मुकाट्याने बाहेर पडायचं, अशी रीत आहे. मागचं आवरून मी गेटबाहेर पोचलो तर तुझी गाडी गायब."

"मग... उत्तर?"

"थांबू नकोस."

मी दार लावायला हात पुढे केला.

"म्हणजे... तू जा. टर्म संपली की मी येतो. गणिताच्या मास्तरांना कुठेही नोकरी मिळते. तुला... चालणार असेल तर."

जीव असा भांड्यात पडला, की मी हसले आणि रडलेही.

"डार्विनला फार उकडतं हं," मी डोळे पुसत म्हटलं.

"चालेल," तो म्हणाला.