पंचफुला परत आली

सत्तावन्न सालच्या फेब्रुवारीत मी अकोल्याला क्राइमचा फौजदार होतो. जऊळक्याला मी खडीच्या ट्रकमधून गेलो, कारण तिकडं रेल्वेचा रूळ यायचा होता, आलेला नव्हता. लाइनीसाठी मातीचा भराव घालणं चालू होतं. वीस हात उंच लाल मुरमाची ती भिंत सरळ वावरांमधून निघाली होती, आणि तिच्यावर मुंग्यांसारखी माणसं टोपल्या घेऊन चढत-उतरत होती. दोन्ही बाजूंना हरभरा सोंगायला आला होता. पळस फुललेला होता. हवेत मुरमाची बारीक धूळ होती, ती दातांत करकरायची.

भरावापासून अर्ध्या मैलावर मजुरांचा तांडा होता. तिथली एक मुलगी आदल्या दिवशी गेली होती. पंचफुला तिचं नाव, वय सात.

आठ महिन्यांत ही तिसरी मुलगी.

पहिली केनवडची. हुस्नाबानो नावाच्या कासारणीची पाच वर्षांची पोर भर बाजारातून गेली. चौघांनी तिला जाताना पाहिलं, पण कोणी अडवलं नाही, कारण ती तिच्या मामाचा हात धरून चालली होती. मामा लगेच सापडला. अकोल्याच्या दवाखान्यात, पाय मोडलेला, खाटेला बांधलेला. तो दहा दिवसांपासून तिथंच होता. मी स्वतः खात्री केली.

दुसरी कामरगावची. तिला तिच्या काकानं, जानरावनं, नेताना तीन बायांनी बघितलं. जानराव म्हणाला, मी त्या दिवशी कारंज्याला कापसाच्या जिनात कामावर होतो. मी त्याला अकरा दिवस कोठडीत ठेवलं. त्याला हात लावला नाही, असं मी म्हणणार नाही. बाराव्या दिवशी जिनातली माणसं येऊन उभी राहिली आणि मला त्याला सोडावं लागलं. जाताना तो एवढंच म्हणाला, "साहेब, पोरगी तं भेटली नाही ना?"

माझा तर्क पक्का होता. ही टोळी होती. आधी घर हेरायचं, घरातल्या एखाद्या माणसाची चाल, पागोटं, लुगडं उचलायचं, आणि तसा वेष करून पोर न्यायची. लांबून बघणारा फसतो. बहुरूपी हे काम करू शकतो. मला त्या बहुरूप्याला धरायचं होतं.

माझ्याबरोबर हवालदार तय्यब होता. तिकडचाच, वाशिमचा माणूस, कमी बोलणारा, मागावर चालण्यात हुशार.

तांड्याच्या तोंडाशी भाऊसिंग नावाचा म्हातारा दिवसभर दोर वळत बसायचा. पंचफुलाला शेवटचं त्यानं पाहिलं होतं.

"कोणासंगं गेली?" मी विचारलं.

"तिच्या मायसंगं."

"किती लांबून बघितलं?"

त्यानं बसल्या जागेवरून हात पुढे केला. "इथून गेली. माह्या पायावर पाय पडते का काय, असी. म्या म्हटलं, धनी, कामावरून इतक्या लवकर काहून आली? तं हासली."

"बोलली नाही?"

"नाही. निरी हासली."

पंचफुलाची आई धनीबाई त्या वेळी भरावावर होती. सकाळपासून दिवस कलेपर्यंत ती टोपली वाहत होती. मुकादमानं सांगितलं, नवरा सोमला यानं सांगितलं, बरोबरच्या बायांनी सांगितलं. मी एकेकाला वेगळं घेऊन विचारलं. जबान्यांत फट नव्हती.

धनीबाई तिशीची असेल. अंगानं काटक, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. ती रडत नव्हती. मी विचारीन त्याचं उत्तर देत होती आणि मधूनच तांड्याबाहेरच्या वाटेकडे बघत होती.

"तुमची कोणाशी दुश्मनी?"

"आमच्याशी कोण दुश्मनी करीन, साहेब? आज हातं, उद्या तथं."

तय्यबला पावलं सापडली होती. भरावाच्या पायथ्याशी, चालू कामापासून लांब, नवीन मुरूम पसरला होता, त्यावर ती स्पष्ट उमटली होती. वाऱ्यानं पुसू नयेत म्हणून त्यानं त्यांच्यावर टोपल्या पालथ्या घातल्या होत्या. एक टोपली त्यानं उचलली. लहान अनवाणी पाऊल, आणि त्याच्या शेजारी मोठं, बाईचं. डाव्या पायाची करंगळी बाहेरच्या बाजूला वळलेली. टाचेला दोन भेगा, एक लांब, एक आखूड.

वेष घेणाऱ्याला लुगडं मिळतं, बांगड्या मिळतात. टाच कुठून मिळणार?

मी धनीबाईला बोलावलं आणि त्या पावलाशेजारी पाऊल ठेवायला सांगितलं. तिनं ठेवलं, आणि बाजूला झाली. तय्यब गुडघ्यांवर बसून दोन्ही ठशांकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं सुतळीनं मोजलं. पुन्हा मोजलं.

"एकच हाये," तो म्हणाला.

धनीबाईनं खाली बघितलं. तिचा हात तोंडाकडे गेला. "साहेब, मी हातं आली नव्हती," ती म्हणाली.

मला कामरगावचा जानराव आठवला. मी तिला बेडी घातली नाही. पण त्या क्षणापासून मी तिच्यावर एक माणूस ठेवला, हे कबूल केलं पाहिजे. ज्या बाईची पोर गेली, तिच्या मागं मी पहारा लावला.

पावलं नाल्यापर्यंत गेली होती. नाल्याच्या पलीकडे जुनी दगडाची खदान होती, तिच्यात पाणी होतं. दोन दिवस आम्ही तिथं पोहणारे उतरवले. गाळ निघाला, एक फुटकी घागर निघाली. पोर निघाली नाही. दुसऱ्या संध्याकाळी सोमला माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "लोकं म्हणून राह्यले, का पुलाच्या पायात गाडाले नेली." मी म्हटलं, असं कोणी करत नाही. तो म्हणाला, "मग कायले नेते, साहेब?"

तिसऱ्या दिवशी दुपारी मी आणि तय्यब वेगळे झालो. तो खदानीच्या बाजूनं गेला, मी नाल्यानं वर. ऊन चांगलंच लागत होतं. नाला कोरडा होता, गोटे तापले होते. मैलभर गेल्यावर पळसाचं रान लागलं. एकाही झाडाला पान नव्हतं, नुसतं लाल फूल. पाखरं असायला हवी होती. पळस फुलला की मैना, बुलबुल यांचा कलकलाट असतो. तिथं काही नव्हतं. माझ्याच बुटांचा आवाज मला येत होता.

मग पोराची गुणगुण ऐकू आली.

ती एका झाडाखाली बसली होती. मांडीत फुलं घेऊन त्यांचे देठ एकात एक अडकवत होती. काचेच्या तुकड्यांची चोळी, लाल घागरा, वर्णनात होतं तसंच सगळं. तीन दिवसांची उपाशी दिसत नव्हती. केस कोणीतरी विंचरलेले होते.

मी पिस्तुलावर हात ठेवून चहूकडे बघितलं. कोणी नव्हतं.

"पंचफुला?"

तिनं मान वर केली. "ओ."

"तुले इथं कोणं आणलं?"

"याडीनं." याडी म्हणजे तांड्यात आई.

"कुठं हाय ती?"

"पाणी आणाले गेली."

मी तिथं अर्धा तास दबा धरून बसलो. पाणी घेऊन कोणी आलं नाही. शेवटी मी तिला म्हटलं, चल घरी. तिनं फुलं टाकून दिली, उठली आणि माझा हात धरला. त्या उन्हात तिचा हात गार होता, रांजणाला हात लावावा तसा. मी फार विचार केला नाही. मला आनंद झाला होता. आठ महिन्यांत पहिल्यांदाच एक पोर जिवंत सापडली होती, आणि ती मला सापडली होती. जानरावाला सांगायला माझ्याकडे काहीतरी होतं.

तांडा दिसू लागला तेव्हा मला बायांचं गाणं ऐकू आलं. हलगी वाजत होती. मला वाटलं, कोणीतरी आम्हाला लांबून येताना पाहिलं.

भाऊसिंगनं आम्हाला पाहिलं आणि त्याच्या हातातला दोर सुटला.

तय्यब तांड्याच्या तोंडाशी उभा होता. तो माझ्याकडे आला नाही. दोन पावलं मागं सरला.

"काय झालं?" मी विचारलं.

"साहेब," तो म्हणाला, "तुमी तं मघाच आले."

"कुठं?"

"इथं. तासभर झाला. पोरीले घेऊन आले. म्या सलाम केला."

"मी काय बोललो?"

"बोलले नाही, साहेब. निरे हासले. पोरीले तिच्या मायजवळ देल्लं अन् नाल्याकडं वापस गेले."

हलगी थांबली. गाणं थांबलं. बाया बाजूला झाल्या.

झोपडीच्या दारात धनीबाई उभी होती. तिच्या कडेवर पंचफुला होती.

माझा हात अजून कोणीतरी धरलेला होता.

दोघी मुलींनी एकमेकींकडे बघितलं. दोघींपैकी कोणी घाबरलं नाही. कडेवरच्या मुलीच्या हातात अर्धी भाकर होती. माझ्याजवळची म्हणाली, "याडी, मले भूक लागली." आवाज तोच होता. मी झाडाखाली ऐकला तोच, आणि जरा वेळानं कडेवरची बोलली तेव्हाही तोच.

मी पोलीस होतो. मी विचारत गेलो. शेळीचं नाव काय? दोघींनी सांगितलं. मागच्या पोळ्याला कुठं होता? दोघींनी सांगितलं. सोमलानं दोघींच्या उजव्या कोपराजवळचा भाजल्याचा डाग बघितला आणि तो जमिनीवरच बसला.

मी मुरूम पसरून दोघींना चालवलं. तय्यबनं सुतळी काढलीसुद्धा नाही.

तांड्यातले लोक बोलू लागले. एक हाकलून द्या. कोणती? जी मागून आली ती. नाही, जी आधी आली ती. ती साहेबानं आणलीच नाही. भाऊसिंग म्हणाला, दोन्ही नको.

धनीबाई पुढं आली. आपल्याजवळच्या पोरीला तिनं पुन्हा कडेवर घेतलं. दुसरा हात पुढं करून तिनं माझ्याजवळच्या मुलीचं मनगट धरलं.

"दोगीही ठेवतो," ती म्हणाली.

"बाई, यातली एक तुमची नाही."

"कोणती, थे सांगा."

मी दोघींकडे आळीपाळीनं बघितलं.

"तुमाले सांगता येत नाही. मले बी येत नाही, मी तं माय हावो. एक हाकलली अन् थेच माही असली तं?" तिनं दोघींना आत नेलं. जरा वेळानं आतून तवा ठेवल्याचा आवाज आला.

अहवालात मी लिहिलं: मुलगी सुखरूप मिळाली, गुन्हेगार फरारी. मुलगी, एकवचनी. तय्यबनं साक्षीदार म्हणून सही केली आणि पुढच्या महिन्यात बदली मागून घेतली. जानरावाकडे मी गेलो. त्याच्या दारात उभा राहिलो आणि तसाच परत फिरलो. कामरगावची आणि केनवडची मुलगी कधीच सापडली नाही.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. एका खटल्याच्या कामानं मी वाशिमला आलो होतो. लाइनीचं काम पुढं सरकलं होतं, पण काही घरं जऊळक्यालाच राहिली आहेत असं कळलं. मी गेलो. जाऊ नये असं वाटत होतं, तरी गेलो.

धनीबाई दारात ज्वारी निवडत बसली होती. केस पांढरे झाले होते. तिनं मला ओळखलं, बसायला घोंगडी टाकली. अंगणात पाच-सहा मुली खड्यांचा खेळ खेळत होत्या. मी त्यांच्यात बघितलं. पंचफुला एकच होती.

"दुसरी?" मी विचारलं.

"गेली. दिवाळीच्या वक्ताले."

"कशी?"

ती सुपातले खडे वेचत राहिली. "नेली. तिची माय आली होती न्याले." मग म्हणाली, "माह्यासारखीच. असंच लुगडं, अशाच बांगड्या. त्या बाभळीपाशी येऊन उभी राह्यली. दोगी खेळून राह्यल्या होत्या. एक उठली अन् तिचा हात धरला."

"तुम्ही कुठं होता?"

"हातंच. भाकर टाकून राह्यली होती."

"मग अडवलं नाही?"

"म्या म्हटलं, तिची तिनं नेली. माही माह्याजवळ राह्यली." तिचा हात सुपात थांबला. "तिनंही माहं लेकरू तीन दिस सांभाळलंच ना, साहेब? म्या बी तिचं सांभाळलं. तिले कायले अडवू?"

मी पुन्हा अंगणात बघितलं. खेळ बदलला होता, मुली उभ्या राहून एकमेकींचे हात धरून फेर धरत होत्या. सगळ्या एका वयाच्या, नऊ-नऊ वर्षांच्या. पंचफुला मात्र त्यांच्या खांद्यापर्यंतच येत होती, दोन वर्षांपूर्वी होती तेवढीच.

मी धनीबाईकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. मी काय पाहिलं ते तिला कळलं होतं.

"जेवते," ती म्हणाली. "माह्याच ताटात जेवते. आजारी बी पडत नाही. फक्त घागरा वाढवा लागत नाही."

"म्हणजे ही..." मी म्हणालो.

तिनं पटकन माझ्यापुढं हात धरला आणि अंगणाकडे नजर टाकली.

"हळू बोला, साहेब," ती म्हणाली. "तिले मालूम नाही."