ड्रायव्हरच्या मागची सीट

अपघातांवर लिहिणाऱ्या माणसाला चहा फार प्यावा लागतो. लेखिकेला तो मुळीच आवडत नसे, पण कप नाकारला की माणसं तोंड मिटून घेतात, हे ती पहिल्याच पुस्तकाच्या वेळी शिकली होती. म्हणून त्या दुपारीही तिने मुकाट्याने कप हातात घेतला.

समोर मंत्र्याच्या ड्रायव्हरची बायको बसली होती. अपघातात मंत्री गेला, ड्रायव्हर गेला, पुढे बसलेला बॉडीगार्ड तेवढा वाचला. चौकशी समितीने निकाल लावून टाकला, ड्रायव्हरला डुलकी लागली. मेलेल्या माणसावर खापर फोडणं सोपं असतं, तो काही उलटून बोलत नाही. हिला मात्र रोज गल्लीतून जायचं होतं. ‘साहेबांना खाल्लं हिच्या नवऱ्याने,’ असं माणसं तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणत. सरकारी क्वार्टर सुटल्यावर ती भावाच्या घरी मागच्या खोलीत येऊन पडली होती.

“मला दुसरं काही नको,” ती म्हणाली. “तुमच्या पुस्तकात एवढं लिहा, की हे झोपले नव्हते.”

“त्याला पुरावा लागेल, ताई.”

“म्हणून तर तुम्हाला बोलावलं ना.”

लेखिकेने तिचा नेहमीचा प्रश्न विचारला. गाडीत बसल्यावर ते सगळ्यात आधी काय करायचे?

“आरसा वर.”

बड्या लोकांचे ड्रायव्हर मधला आरसा छताकडे वळवून ठेवतात. मागचा रस्ता बघायला बाहेरचे आरसे पुरतात. मागच्या सीटवर साहेब कुणापुढे नाक घासतो, कुणाच्या नावाने रडतो, ते आपल्याला दिसू नये. नोकरी टिकवायची तर हा पहिला धडा.

गाडी पोलिसांच्या यार्डात ताडपत्रीखाली होती. नाक पार आत गेलेलं, मागचा भाग मात्र धडधाकट. तपासणी करणारा इंजिनिअर बोलका होता.

“सांभाळून हं मॅडम. बायकोला जपत नाही एवढं मी हिला जपतो.”

लेखिका ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसली. ही तिची पद्धतच होती. सीटवर काचेचा चुरा होता आणि रबराचा कोंदट वास येत होता. तिने वर पाहिलं. आरसा छताकडे नव्हता. तो खाली वळवलेला होता, आणि त्यात मंत्र्याची जागा दिसत नव्हती. दिसत होती ती ड्रायव्हरच्या बरोबर मागची सीट.

“धक्क्याने फिरला असेल?”

“धक्क्याने तुटतो. हा हाताने फिरवलाय.”

ती मागे वळली. त्या सीटवर पट्टा लावलेला होता.

“इथे कोण बसलं होतं?”

“कुणी नाही. साहेब पलीकडे होते, तेही पट्ट्याशिवाय. म्हणून तर गेले.”

तिने खटका दाबायला हात पुढे केला, तसा इंजिनिअर जवळजवळ ओरडलाच. “सोडू नका! पुरावा आहे तो.” मग त्याने टॉर्च लावून पट्ट्यावरची एक चकाकणारी रेघ दाखवली. धडक बसताना पट्ट्याने कुणाला धरून ठेवलं असेल, तरच धागे असे घासले जातात.

“बॅग असेल.”

“बॅगा डिकीत होत्या.” त्याचा बोलका स्वभाव कुठल्या कुठे गेला होता. “वजन फार नव्हतं म्हणा.”

“रिपोर्टात का नाही लिहिलंत?”

“काय लिहू? तुम्हीच सांगा.”

लेखिका मनातून हरखली. चौथा माणूस! इथेच पाणी मुरत होतं. कुणाला तरी गुपचूप बाहेर काढून सारा दोष ड्रायव्हरच्या माथी मारला होता, याची तिला खात्री झाली.

बॉडीगार्डने दार उघडलं, पण बसा म्हणाला नाही. पायात सळी घातल्याने तो भिंतीला टेकून उभा होता.

“चौथा कोण होता?”

“कुणी नव्हतं.”

“मग पट्टा कुणी लावला?”

“साहेबांनी. रिकाम्या सीटवर, आपल्या हाताने. आणि म्हणाले, हळू घे रे, बरोबर लहान मूल आहे.”

“ड्रायव्हर काय म्हणाला?”

“काही नाही. त्याने आरसा खाली केला.”

“काय दिसलं त्याला?”

“मी वळलो नाही, मॅडम. चौफेर बघायचाच पगार मिळायचा मला. पण नाही वळलो.”

“आणि मग?”

“एक हात स्टीअरिंगवरून काढून त्याने मागे नेला. दोन सीटांच्या मधून. तसाच धरून ठेवला. समोर वळण आलं. मी ओरडलो, तरी गाडी सरळच.”

“डोळे मिटलेले होते?”

“टक्क उघडे.”

“मग समितीला डुलकी का सांगितलीत?”

“डुलकी सगळ्यांना पटते,” तो म्हणाला आणि त्याने दार लोटून घेतलं.

चौथा माणूस हातचा गेला होता. पण लेखिका भुताखेतांवर लिहीत नसे. मंत्र्याच्या डोक्यावर परिणाम झाला होता आणि ड्रायव्हरचं लक्ष उडालं, असं तिने मनाशी जुळवलं. पट्ट्यावरचं ते घासलेलं तेवढं कशातच बसेना. ते तिने बाजूला ठेवलं. विधवेला हवं ते वाक्य मिळालं होतं, आणि याचा तिला मनापासून आनंद झाला होता.

“ताई, ते जागे होते,” तिने त्या मागच्या खोलीत पाऊल ठेवताच सांगितलं. मग बॉडीगार्डचं सगळं बोलणं सांगितलं.

बायको रडली नाही. “हात कसा होता?” तिने विचारलं.

“कसा म्हणजे?”

“तळवा वर होता का?”

लेखिकेला ते माहीत नव्हतं. तिने तिथूनच बॉडीगार्डला फोन लावला. पलीकडून एकच शब्द आला आणि फोन बंद झाला.

“हो. वर होता.”

बायकोने भिंतीला पाठ टेकली.

“पूर्वी ह्यांची टॅक्सी होती. मुलगा मागे बसायचा, ह्यांच्या पाठीशी. वळण आलं की हे असा हात मागे करायचे आणि तो टाळी द्यायचा. टाळी मिळाल्याशिवाय गाडी वळवायचे नाहीत.”

“तुम्हाला मुलगा आहे?”

“होता. तापाने गेला. शाळेतसुद्धा घातलं नव्हतं अजून.”

बाहेर भावाची बायको भांडी लावत होती.

“ते वाक्य मी नक्की लिहीन, ताई.”

तिला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

“गाडी अजून तिथेच आहे?”

“यार्डात आहे.”

“आणि पट्टा?”

“लावलेलाच आहे. कुणाला हात लावू देत नाहीत.”

ती उठली. दारामागच्या चपला तिने पायात सरकवल्या.

“ताई, कुठे निघालात?”

“त्याला तो पट्टा सोडता येत नाही,” ती म्हणाली.